गोजरबाईचा फाइव्ह स्टार फ्रीज

भवानी पेठेतल्या धनाजीच्या दुकानाची एक रीत होती. फ्रीज विकला की तो गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जायचा, नारळ फोडायचा आणि फ्रीजच्या दारावर हात ठेवून शब्द द्यायचा, की हा लाईट खाणार नाही. त्या शब्दावरच त्याचं दुकान चालत होतं. गोजरबाईलाही त्यानं तो बिनदिक्कत दिला.

खरं तर यंदा वीजबचतीच्या स्टारचे नियम कडक झाले आणि नव्या मापानं तिला दिलेला गोडाऊनमधला फ्रीज पाचावरून दोनवर घसरला होता. धनाजीनं दुसऱ्या फ्रीजचं पाच स्टारचं नवंकोरं लेबल काढून त्यावर डकवलं. दारात बसून ताक विकणारी एकटी म्हातारी, ती कुठं तपासायला बसलीय, असा त्याचा हिशेब.

ऐन मे महिन्यात गोजरबाई पेढे घेऊन दुकानात आली. फ्रीज आला तरी बिल जिथल्या तिथं आहे, म्हणून खूश होती. अंगावर मात्र घोंगडी होती. पेढा देताना तिची बोटं धनाजीच्या तळहाताला लागली, ती बर्फासारखी गार होती. दोन स्टारचा फ्रीज बिल वाढवल्याशिवाय राहतो कसा? पेढा त्यानं गल्ल्यावर ठेवला. तो तिच्या मागोमाग निघाला.

बाहेर पत्रे तापले होते, खोलीत हुडहुडी भरत होती. फ्रीज घुमत नव्हता. धनाजीनं मागं वाकून पाहिलं, तर वायर गुंडाळून ठेवलेली. दार उघडलं, तर ताकावर बर्फाची साय.

गोजरबाईनं सहज सांगितलं, की पहिल्याच आठवड्यात भिंतीवरचा प्लगचा बोर्ड जळाला, पण फ्रीजचं काही अडलं नाही. खोली एवढीशी, त्यामुळं ती त्याला पाठ लावूनच निजायची. सकाळी उठवत नाही म्हणे, पण उन्हाळा सुखाचा चाललाय. तिचे ओठ जांभळे पडले होते. फ्रीज लाईटऐवजी हिच्या अंगातली ऊब खातोय, आपल्या शब्दापायी ही बाई मरतेय, हे धनाजीला उमगलं.

त्यानं नखांनी लेबल खरवडून काढलं. ताकावरचा बर्फ वितळला नाही. मग शब्द मागं घ्यायला त्यानं दारावर हात ठेवला.

"मावशी, मी खोटं बोल्लो. लेबल मीच चिकटवल्यालं. ह्यो लई लाईट खातोय. मी ह्याला घिऊन जातो."

गोजरबाई हसली. तिनं फ्रीजवरून मायेनं हात फिरवला.

"आता कसा न्हेनार? नारळ फोडून शब्द दिलाय की तुमी. त्यो पाळतोय बिचारा."

त्या गारठ्यात बोलताना धनाजीच्या तोंडून वाफ निघाली होती. तिच्या तोंडून निघाली नाही.