पांढरे हातमोजे

गिटार बिघडली तर मेहुण्याला काय काय मिळेल, याची यादी दाजींनी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरल्या धरल्या मनात पुरी केली. पहिलं म्हणजे खिडकीजवळचं टेबल. तिथे जो बसेल तो या वर्कशॉपातला मोठा कारागीर. दुसरं, रंगाच्या कपाटाची किल्ली. तिसरं, वाद्यांच्या दुकानदाराची मर्जी. ही एक गिटार एकसारखी काळी झाली तर आणखी पाच येणार होत्या. फसली तर त्या पाच कुणाच्या टेबलावर जातील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि गिटार फसली होती. तिसऱ्यांदा.

दुकानदाराला वरून फासलेला काळा नको होता. लाकडात मुरलेला हवा होता, खालच्या रेषा दिसतील असा. त्यासाठी लाकूड उघडं आणि कोरडं लागतं. जरा कुठे तेलकटपणा असला की तिथे रंग मुरतच नाही. ओला असताना सगळं एकसारखं दिसतं. खरं काय ते वाळल्यावर कळतं. आणि वाळल्यावर दर वेळी, गिटारीच्या रुंद भागावर, तळहाताएवढा तपकिरी डाग दाजींकडे बघत असे.

"पुन्हा?" मागच्या टेबलावरून मेहुण्याने विचारलं. बायकोचा हा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, नऊ वर्षं दाजींच्या हाताखाली.

"न बघताच कळलं तुला?"

"तुमच्या पाठीवरून कळलं, दाजी."

मेहुणा जेवणाच्या टेबलांना मेण लावायचा. पहिल्या डागानंतर दाजींनी मेणाचा डबा कपाटात कोंडला. वास सहन होत नाही म्हणाले. नऊ वर्षं तो वास सुखाने घेतलेला माणूस. दुसऱ्या डागानंतर घासलेली गिटारही संध्याकाळी कुलपात गेली आणि कडीला बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधला गेला. सकाळी दोरा जसाच्या तसा होता. त्यानेच दाजींचा संशय पक्का झाला. इतका जसाच्या तसा, म्हणजे कुणीतरी सोडून पुन्हा नीट बांधलेला.

मग नेहमीचा क्रम. गिटार मांडीवर घ्यायची, डोळे मिटायचे आणि डाव्या तळव्याने चाचपायची. उजव्याला घासकागदाचे घट्टे पडलेले. डावा मऊ होता, त्याला लाकडाची बारीकशी लवही जाणवे. दाजींचा भरवसा उरला होता तो तेवढ्या एका तळव्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको त्यांच्या आखडलेल्या डाव्या मनगटाला, अंगठ्याला औषधी तेल चोळत होती, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"तुझ्या भावाने हातमोजे आणलेत."

"मग?"

"ठसे उमटू नयेत म्हणून माणूस हातमोजे घालतो."

"थंडी वाजते म्हणूनही घालतो."

"सुती, पांढरेशुभ्र. काळ्या रंगाच्या कामात! वर माझ्याच टेबलावर ठेवलेत. मला हिणवायला."

 बायकोचं चोळणं जरा जोरात झालं.

त्या दिवशी चौथा डाग उमटला आणि दाजी मागच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"मेण कुठून आणलंस?"

"डबा तुमच्या कपाटात आहे."

"दुसरा आणला असशील."

मेहुण्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. दाजींच्या हाताकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"दाजी, ते हातमोजे..."

"उचल ते. आणि तूही ऊठ इथून."

मेहुण्याने आपल्या हत्यारांची पेटी भरली. हातमोजे तिथेच राहू दिले.

"ताईला सांगा, उद्यापासून माझा डबा नको," एवढं म्हणाला आणि गेला.

दाजींनी ते सांगितलं नाही. दुपारभर गिटार घासली, कुलपात ठेवली. सकाळी खात्री करायला तळवा नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकवला, मग निर्धास्त होऊन रंग दिला. दुपारपर्यंत तो वाळला.

डाग होता.

दाजींनी वर्कशॉपात कोण कोण आहे ते बघितलं. एकच माणूस निघाला.

बायको जेवण घेऊन आली, सवयीने दोन डबे. मागचं रिकामं टेबल तिने बघितलं, मग गिटार. वाकून जवळून बघितली.

"हा अंगठा," ती म्हणाली.

"काय?"

"वाकडा आहे बघा. रोज चोळते, मला नाही कळणार?"

दाजींनी डावा हात डागावर धरला, न टेकवता. चार बोटं, तळवा, टोकाशी बाहेर वळलेला अंगठा.

"तो म्हणाला होता मला, ताई, तेल संध्याकाळी लावत जा. मी म्हटलं, तूच सांग की त्यांना. तर म्हणे, मी सांगितलं तर त्यातही काहीतरी शोधतील." तिने एक डबा टेबलावर ठेवला, दुसरा पुन्हा पिशवीत घातला. "कुठे गेलाय तो?"

दाजींनी हातमोजा घालून बघितला. त्यांच्या जाड बोटांना नेमका बसला. मेहुण्याची बोटं काडीसारखी. एका मोज्यात त्याचे दोन्ही हात मावले असते.

दोन दिवसांनी दुकानदाराने गिटार खिडकीशी तीनदा फिरवली. कुठे काही सापडेना. काळ्या रंगाखाली लाकडाच्या रेषा पाण्याखालच्या गवतासारख्या दिसत होत्या.

"झकास! बाकीच्या पाच उद्याच पाठवतो. तुम्हा दोघांना पुरेल एवढं काम आहे."

"पाठवा," दाजी म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी यादी पुन्हा तपासली. टेबल जागेवर होतं, किल्ली खिशात होती, दुकानदारही खूश होता. मेहुण्याने यातलं कधी काही मागितलंच नव्हतं. बिल मात्र त्याच्याच नावावर फाटलं होतं.

डावा हातमोजा काढताना आत काहीतरी टोचलं. किमतीची चिठ्ठी होती. ती किंमतही मेहुण्यानेच भरलेली.