उपचार करणारे डॉक्टर

सकाळी साडेनऊला दवाखान्यातला फोन वाजला, तो सासूबाईंनी घेतला. दवाखाना जनावरांचा, घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत थाटलेला; मधल्या दाराशी फोन.

"डॉक्टर बाहेर गेलेत," एवढं सांगून त्यांनी तो ठेवून दिला.

समोरच टेबलापाशी त्यांची सून एका कुत्र्याच्या फाटलेल्या कानाला टाके घालत होती. तीही डॉक्टर होती, जनावरांचीच. पण ते सासूबाईंच्या ध्यानात आलं नाही आणि खरं सांगायचं तर सुनेच्याही नाही. बारा वर्षांत सगळं अंगवळणी पडतं.

लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणत. आपल्या भाषेतला हा शब्द मोठा सोयीचा आहे. शिकलेल्या बाईलाही तोच आणि डॉक्टरच्या बायकोलाही तोच. तिच्या नवऱ्याला दुसरा अर्थ जास्त आवडे. बाहेरच्या पाटीवर त्याचं एकट्याचं नाव होतं. नोंदवहीत 'उपचार करणारे डॉक्टर' या रकान्यात सदैव त्याचीच सही, मग अडलेली गाय तिने का सोडवलेली असेना. परका असं वागला की आपण त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतो. नागोबा घरचाच असला की त्याला संसार म्हणतो.

दोघं एका वर्गातले. तिचा नंबर दुसरा, त्याचा बाविसावा. तेव्हा ती त्याला 'अरे' म्हणे. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, "अहो म्हण गं, चार माणसांत बरं दिसत नाही," आणि ती म्हणू लागली. पाटीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव म्हणजे तुझंच की." तेही तिने ऐकून घेतलं. सोशिक सून म्हणून तिचं कौतुक झालं.

नवरा दुष्ट नव्हता. पण मत्सर त्याला आतून कुरतडत होता. लोक जनावर घेऊन येत आणि त्याच्या खांद्यावरून आत डोकावत विचारत, "डॉक्टरीणबाई नाहीत का?" तिचा हात लहान, निमुळता; गाईच्या पोटात शिरून वासराची वळलेली मान चाचपून सरळ करणारा. त्याचा पंजा फावड्याएवढा. जेवताना तो तिच्या मनगटाकडे बघत बसे आणि ताटातलं निवून जाई. कुणी तिची स्तुती केली की म्हणे, "माझ्याच हाताखाली तयार झालीय ना!" ती चहा ओतत राही.

त्या आठवड्यात दूध संघाला मुख्य डॉक्टर नेमायचा होता. त्याने अर्ज केलाच होता; शनिवारी संघाची माणसं नोंदवही तपासायला येणार होती. तिलाही अर्ज करायचा होता. "एका घरातून दोन अर्ज? लोक हसतील," तो म्हणाला. तिचा कोरा अर्ज कपाटातच राहिला.

तर सकाळच्या त्या फोननंतर अकराला पुन्हा फोन वाजला. तो बाहेरून परतला होता, या वेळी त्यानेच उचलला. पलीकडे दूधवाल्या मावशी होत्या. एकटा जीव, गोठ्यात एकच गाय.

"डॉक्टरीणबाईंना पाठवा हो! गाय अडलीय. नुसते पाय दिसतायत, तोंड येतच नाही."

"पाठवतो," तो म्हणाला.

बायको आतल्या खोलीत होती. एक हाक पुरली असती. त्याने स्वतःच बॅग उचलली. मीही डॉक्टरच आहे, एकदा दाखवतोच सगळ्यांना, असं त्याच्या मनाने घेतलं.

मावशी दारातच उभ्या होत्या. "बाई कुठायत?"

"मी आलोय ना!"

वासराची मान मागे वळली होती. त्याचा हात तिथवर पोचेना, पोचला तर आत फिरेना. मावशी म्हणाल्या, "बाईंना बोलवू का?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या. दुसऱ्यांदा तो त्यांच्या अंगावर खेकसला. मग त्याने वासराच्या पायांना दोर बांधून ओढायला सुरुवात केली. दोन तासांनी वासरू मेलेलंच बाहेर आलं. त्याच्यामागे रक्त आलं, ते थांबेना. आत फाटलं होतं. मावशी गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. गाय गेल्यावरही त्यांनी मांडी हलवली नाही.

दुपारी परतल्यावर त्याने हात धुतले आणि नोंदवही उघडली. तारीख. गाय. विताना अडली. गाय व वासरू दगावले. शेवटच्या रकान्यापाशी पेन अडलं. शनिवारी हे पान संघापुढे जाणार. त्याने क्षणभर विचार केला आणि सुवाच्य अक्षरात तिथे बायकोचं नाव लिहिलं.

ती चहा घेऊन आली तेव्हा वही उघडीच होती.

"ही गाय मी कधी बघितली?"

"मावशींनी तुलाच बोलवलं होतं. आणि नाव तुझं काय, माझं काय, एकच."

"मला बोलवलं होतं?" तिने कप खाली ठेवला. "अरे, मी दहा पावलांवर होते! मला हाक का नाही मारलीस?"

बारा वर्षांनी घरात 'अरे' ऐकू आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नाही सहन होत मला!" तो ओरडला. "जो येतो तो तुलाच विचारतो. मी काय नुसता पाटीपुरता?"

"मग माझ्यावर चिडायचंस. त्या मुक्या जीवानं तुझं काय घोडं मारलं होतं?" तिने वही त्याच्यापुढे सरकवली. "इतकी वर्षं माझी कामं तुझ्या नावावर गेली, मी बोलले नाही. आणि माझं नाव पहिल्यांदा लिहिलंस, ते मेलेल्या गाईपुढे?"

"सूनबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या, "घरातली गोष्ट घरातच..."

"आई, गाय घरातली नव्हती."

तिने आपलं नाव खोडलं नाही. त्याखाली लिहिलं: 'या गाईसाठी मला बोलावले होते. निरोप मला दिला गेला नाही. गाय मी पाहिली नाही.' आणि सही केली. त्या वहीतली तिची पहिली सही. मग कपाटातून अर्ज काढला, उभ्याउभ्याच भरला आणि मावशींकडे निघाली. तिथे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी गेली.

सासूबाईंचा मुलगा खाली मान घालून बसला होता. त्यांनी वही जवळ ओढून ती सही वाचली.

"तुझे वडील मास्तर म्हणून लोक मला जन्मभर मास्तरीणबाई म्हणाले," त्या म्हणाल्या. "मी शाळेची पायरीही चढले नव्हते. आणि ही एवढी शिकून नुसती डॉक्टरीणबाई. मलाही ते कधी खटकलं नाही रे."

खटकलं आपल्यालाही नसेल. वाचकहो, आपल्या दारावरची पाटी एकदा वाचून पाहा. नाव कुणाचं आहे आणि त्यामागे राबणारा हात कुणाचा?

फोन वाजला. मुलाचा हात सवयीने पुढे झाला, पण सासूबाईंनी आधी उचलला.

"डॉक्टर आहेत का?"

"आमच्याकडे दोन आहेत," त्या म्हणाल्या. "कोणते हवेत?"