ठोकपीटरावांची मागची खोली

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मावशी सकाळपासून पुटपुटत होत्या. घर आपलं, विकणार आपण, आणि त्यातले दोष शोधायला माणूस बोलवायचा तोही आपणच! वर त्याला चहा द्यायचा. पण जावयाचं म्हणणं पडलं की, घेणाऱ्यानं खोट काढून भाव पाडण्याआधी ती आपल्याला ठाऊक असलेली बरी. जावई बोलायला लागला की समोरच्यानं नुसती मान हलवायची असते, हे मावशी पंधरा वर्षांत शिकल्या होत्या.

घर विकायचं याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ते ठरूनच गेलं होतं. एकटीच्यानं होईना, मुलीकडे राहायला जायचं, विषय संपला. जीव टांगणीला लागला होता तो भलत्याच गोष्टीपायी. हे घर अर्धंअधिक त्यांच्या नवऱ्याच्या हातचं होतं. बिचाऱ्याची नोकरी पोस्टात, पण सुट्टी लागली की हातात हातोडा. गल्लीनं नावच ठेवलं होतं, ठोकपीटराव. लोक पाठीमागे हसायचे, तोंडावर हसायचे, आणि जावई तर त्यांच्याच ताटात जेवता जेवता हसायचा. माणूस जाऊन दोन वर्षं झाली तरी ते हसणं काही थांबलं नव्हतं. आता एक जाणता माणूस येणार आणि त्या सगळ्या कामाला कागदावर नापास करून जाणार. भाव पडला तर पडो, मावशींना यांचं नाव पडायला नको होतं.

तपासनीस आला तो पन्नाशीचा, बारीक अंगाचा, खांद्यावर घडीची शिडी घेऊन. बूट दाराबाहेर काढले, तिथंच तो मावशींना निम्मा आवडला. त्यानं फरश्या बोटाच्या पेरानं वाजवून पाहिल्या, नळ सोडले, बंद केले, बेसिनखाली पाठीवर झोपून टॉर्च मारला. ओल मोजायचं एक छोटं यंत्र होतं त्याच्याकडे. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवायच्या आणि आकडा वाचायचा.

"खिडकी घट्ट बसत नाही," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"सासऱ्यांनी बसवलेली," जावई लगेच.

"स्वयंपाकघरातला सॉकेट सैल आहे."

"तोही त्यांचाच."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मावशी मनात म्हणाल्या, अहो, तो सॉकेट विजेच्या कंपनीच्या माणसानं बसवला होता. पण महिन्याभरानं याच जावयाच्या घरात राहायचं, याच्याच टेबलावर जेवायचं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील?

मग सगळे मागच्या खोलीत आले. ही खोली तर यांनी पायापासून उभी केलेली. जमिनीपासून वीतभर वर लाकडी फळ्यांची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांखाली सगळी पोकळी. तपासनीसानं कोपऱ्यातल्या फळीवर पाय दाबला. ती मऊ लागली. त्यानं सुया टेकवल्या, आकडा पाहिला, पुन्हा टेकवल्या.

"इथं चांगलीच ओल आहे. कुबट वासही येतोय. किती दिवस झाले?"

"वास होय? महिना, दीड महिना," मावशी म्हणाल्या.

"त्याआधी?"

"त्याआधी कधीच नाही हो. बावीस वर्षांत नाही."

तपासनीस मागच्या दारानं बाहेर गेला. हे दोघं त्याच्या पाठोपाठ. तो उकिडवा बसून भिंतीचा पाया बघत होता. जमिनीलगत ओळीनं सिमेंटचे गोल ठिपके होते, नवेकोरे, वर रंगाचा हात दिलेले.

"फळ्यांखाली हवा खेळायला ही भोकं असतात," तो म्हणाला. "ती बुजवली की खाली ओल कोंडते आणि लाकूड कुजायला लागतं. कोणा शहाण्यानं बुजवली ही?"

"कोण म्हणजे?" जावई हसला. "एकच शहाणा होता या घरात. ठोकपीटराव!"

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. कारण तो शहाणा त्या स्वतः होत्या. घर बघायला लोक येणार, ही उंदराची बिळं बघून पुन्हा यांना हसणार, म्हणून दीड महिन्यापूर्वी बाजारातून सिमेंटची पुडी आणून त्यांनी एकेक भोक हातानं लिंपलं होतं. यांची अब्रू झाकायला म्हणून! आता मूग गिळून गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. गेलेला माणूस काही उठून सांगणार नव्हता. आणि सांगितलं, तर जावयाला जन्मभर पुरेल एवढी करमणूक.

"जावईबापू, दोन वर्षांपूर्वी गेलेला माणूस दीड महिन्यापूर्वी सिमेंट कसं लावील?" त्या म्हणाल्या. "मी बुजवली. मला वाटलं, वाईट दिसतात."

जावई वाकून सिमेंटचे ठिपके बघायला लागला.

"मग भोकं कुणी ठेवली होती?" तपासनीसानं विचारलं.

"यांनी."

तो उठला, खोलीला वळसा घालून पलीकडच्या भिंतीला गेला आणि परत आला. "तिकडेही आहेत. बरोब्बर समोरासमोर, वारा आरपार जाईल अशी. मावशी, पैसे घेऊन काम करणारेसुद्धा एवढं बघत नाहीत. तुमच्या यजमानांना काम कळत होतं."

एवढं ऐकायला तर मावशी सकाळपासून जीव मुठीत धरून बसल्या होत्या. पण आनंद व्हायच्या ऐवजी त्यांना भडभडून आलं. खोली पुरी झाली त्या दिवशी हे दारात उभे राहून हाका मारत होते, अगं, बघ तरी येऊन. आणि त्यांनी आतूनच सांगितलं होतं, पुरे झाली तुमची ठोकपीट, हात धुवा आणि जेवायला बसा. गल्ली हसली, जावई हसला, ते सगळे नंतरचे.

"काय लिहिलंत?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

तपासनीसानं वाचलं, "मागच्या खोलीचं मूळ काम चांगलं आणि विचारपूर्वक केलेलं. भोकं नंतर बुजवल्यानं ओल. ती उघडावीत."

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं. जावई एक ठिपका नखानं खरवडत होता.

"पहिलंच वाक्य वाचा फक्त," मावशी म्हणाल्या. "एवढं एकदा मी त्यांना म्हणायला हवं होतं हो. एकदा तरी."

तपासनीसानं ते वाक्य तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं.