गडग्यातले केस

सखूला विंचरून निघालेले केस फेकायची सवय नव्हती. त्यांची गुंडाळी करून ती परसाला कुंपण म्हणून रचलेल्या गडग्याच्या दगडांत खोचून ठेवायची. पुरेसे जमले की गंगावन करायचं होतं. चैत्रात एक दिवस बघते तर फट रिकामी. दुसरी गुंडाळी ठेवली, तीही गेली.

बाईचे केस कुणी नेले की करणी समजायची, हे सड्यावरच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात सखूला सातवा महिना. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, आणि नवरा धोंडू मुंबईला गोदीत. गडग्यापलीकडे राहायची फक्त थोरली जाऊ सावित्री, आणि ती हल्ली सखू दिसली की पाठ फिरवून आत जायची. आणखी पुरावा कशाला हवा? सखूनं तिच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. काम करता करता पोटावर हात ठेवून ती बाळ हलतंय ना ते बघायची.

एका सकाळी तिनं मुद्दाम नवी गुंडाळी ठेवली आणि चोरणीला धरायला केळीआड दडून बसली. सावित्री काही आली नाही. आली ती चिरक पाखरांची जोडी. नर काळाकुट्ट, आणि शेपूट खोती गेलेल्या खोतासारखं ताठ. तो कातळावर वाळवी टिपत राहिला. मातकट मादीनं मात्र गुंडाळीतले केस ओढले, चोचीला मिशा फुटल्यासारखी दिसली आणि खालच्या भोकात शिरली.

सखूला आधी हसू आलं, मग रडू.

"वयनी," तिनं हाक मारली, "हिकडं या जरा."

सावित्री जपूनच आली. चिरकी उडाल्यावर दोघी वाकल्या. अंडी अजून व्हायची होती. गवताच्या वाटीला काळ्या केसांचं मऊ अस्तर होतं, आणि त्यात पिकलेलेही केस होते.

सावित्रीनं पिकलेल्या केसांकडे बोट केलं. "हे माजे," ती म्हणाली. "माजी पण गुंडाळी जायची. मी तुजं नाव घेत व्हते गो. उद्या देवाला कौल लावायला जाणार व्हते."

"मी जाऊन आले," सखू म्हणाली. "देवानं कौलच दिला नाय."

सावित्रीला हसू आवरेना. डोळे पुसत तिनं फणी मागितली आणि सखूच्या पाठीशी बसून तिचे केस विंचरू लागली. फणीत आलेले केस तिनं बोटावर गुंडाळले. सखूनं मागं वळूनही पाहिलं नाही.