दोन टेबलांमधली शिष्टाई

आमचं बाइंडिंगचं दुकान म्हणजे दोन टेबलं, एक कटिंग मशीन आणि मध्ये मी. खिडकीपाशी बाबा पानं शिवतात, दाराशी काका पुठ्ठे चढवतात. सख्खे भाऊ, पण तीन वर्षं अबोला. का, तर एका प्रबंधाच्या कडा कापताना पानांचे नंबरच उडाले, आणि माप कोणी लावलं होतं ते आजतागायत ठरलेलं नाही.

तेव्हापासून एकाचा निरोप कानात घ्यायचा आणि दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन सांगायचा, हे काम माझ्याकडे. आता मला दुसऱ्या गावच्या लायब्ररीत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं, आणि मी घरात अजून ब्रसुद्धा काढला नव्हता. मी गेले की आठवड्याच्या आत दुकानाला कुलूप लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. रडू यायचं, खरं सांगते. दोन म्हातारी पोरं सांभाळायलाच जन्मले होते का मी?

गुरुवारी एका प्राध्यापिकाबाईंचा प्रबंध आला. जुन्या महाकाव्यांतली पात्रं भांडताना काय काय युक्त्या करतात, त्याची साग्रसंगीत चिरफाड. शिवायच्या आधी वाचायचं, तेही मोठ्यानं, ही बाबांची खोड. ऐकवायचं मला, पण कान काकांचे टवकारलेले. बाईंचं म्हणणं, भांडणात जो आपले उपकार मोजायला लागतो तो तिथेच हरतो. बाबा म्हणाले, काही लोक असतात बाई असे. त्यावर काकांनी मला जवळ बोलावून हळूच निरोप दिला की धाकट्याला सायकल घेऊन दिल्याचं कोण उठता-बसता ऐकवतं ते विचार. मी बाबांना सांगितलं, काकांना पटलं म्हणे.

मग दूताचं प्रकरण आलं. राजा काय बोलतो आणि दूत जाऊन काय सांगतो, हे बाईंनी शेजारी शेजारी मांडून बघितलं होतं. मुळीच जुळत नव्हतं. चांगला दूत शिव्या वाटेतच टाकतो आणि पदरचा गोडवा घालतो, त्यामुळे युद्ध चार सर्ग तरी लांबणीवर पडतं, असं त्यांनी लिहिलं होतं.

बाबा वाचता वाचता थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"काल मी काय निरोप दिला होता?"

"त्या आंधळ्याला सांग, पुठ्ठा तिरका बसलाय."

"आणि तू काय सांगितलंस?"

"जरा एकदा नजर टाका म्हणे."

"त्यावर तो?"

"आधी स्वतःची मान सरळ कर म्हणावं, असं. मी तुम्हाला सांगितलं, बघतो म्हणाले."

दाराशी खळीचा ब्रश थांबला. मी आपली खाली मान घालून सुईत दोरा ओवत बसले. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांचा चेहराच उतरला. तीन वर्षांत आलेला एकेक गोड निरोप ते मनात उलटा करून बघत असणार.

"मागच्या वर्षी मी दवाखान्यात होतो," ते हळूच म्हणाले. "दादा परत येईपर्यंत मशीनला हात लावणार नाही, असा निरोप आला होता. तोही तुझाच ना, पोरी?"

मी तोंड उघडलं, पण मला बोलावंच लागलं नाही.

"तो माझा होता, दादा," काका म्हणाले.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग घसा खाकरून म्हणाले, "पुठ्ठा तरी तिरकाच आहे."

"आणि माप तूच लावलं होतंस."

मग काय, जी जुंपली म्हणता! सायकल निघाली, पानांचे नंबर निघाले, शाळेत असताना फोडलेली दौतसुद्धा निघाली. दोघंही उपकार मोजत होते, म्हणजे बाईंच्या नियमानं दोघंही हरत होते, आणि दोघांनाही त्याचं काही नव्हतं. मी मध्येच सांगून टाकलं की मला नोकरी लागलीय, सोमवारपासून मी नाही. कोणी ढुंकून बघेना. परत सांगितलं, जरा मोठ्यानं.

काका वैतागून माझ्याकडे वळले. "जा की मग. आम्ही बोलतोय, दिसत नाही का?"