मंजुळाने टाईप केलेला शब्द

“तुझ्या आईला नेमकं काय झालंय, हे कॉम्प्युटरला विचारशील? आहे हिंमत?”

मधु आणि रतन या मैत्रिणींनी डिवचलं आणि दहावीतली मंजुळा त्यांना घेऊन तरातरा निघालीच! कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आई, म्हणजे सगुणा, चार महिने डॉक्टरांना सांगत होती, “छातीत जळजळतं.” डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देत होते. खरं काय ते एकट्या मंजुळाला ठाऊक होतं. पाठ चोळून देताना आईच्या स्तनातली सुपारीएवढी गाठ तिच्या हाताला लागली होती. “कुणाला बोललीस तर माझी शपथ!” आईने दटावलं होतं.

ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ नुकत्याच निघालेल्या सायबर कॅफेत तिने इंग्रजीत टाईप केलं, ‘बाईच्या छातीत दुखणं’. बाप रे, दोन लाख पानं! हृदयविकार, खोकला, पित्त, काय वाट्टेल ते!

“घे! यालापण कळत नाय!” रतन फिसकन हसली.

कॅफेच्या मालनताई मागेच उभ्या होत्या. पूर्वी त्या वाचनालयात नोकरीला होत्या. “अगं, तू काहीतरी झाकून विचारतेयस. मग तोही पसाराच ओतणार ना तुझ्यापुढे? नेमकं लिही.”

शेजारी पोरं बसलेली. मंजुळाचे कान तापले. शपथ आठवली. तरी तिने एकेक अक्षर दाबलं, ‘स्तनातली गाठ’. पानं लाखांवरून हजारांवर आली! सगळ्यात वर एका तेलाची जाहिरात होती.

“हेच! चोळलं की गाठ विरघळते!” मधु ओरडली.

“वर आलं म्हणजे खरं झालं होय?” मालनताई म्हणाल्या. “लिहिलंय कुणी ते बघ. विकणाऱ्याने की तपासणाऱ्याने?”

खाली एका कॅन्सर हॉस्पिटलचं पान होतं. बहुतेक गाठी साध्या असतात, पण तपासल्याशिवाय सांगता येत नाही. वेळ दवडू नका.

आणि आईने चार महिने दवडले होते! मैत्रिणींचं हसू कुठच्या कुठे गेलं.

वाचकहो, आपल्या घराघरांत हेच चालतं. अर्धंच सांगायचं आणि पुरं औषध मागायचं! लाजेने झाकलेलं दुखणं ना यंत्राला सापडतं, ना डॉक्टरला.

संध्याकाळी बाबा, भिवाजी, कामावरून येऊन चहा पीत होते.

“बाबा, आईला पित्त नाही. तिच्या स्तनात गाठ आहे.”

“मंजे! जिभेला काही हाड?” सगुणा किंचाळली.

भिवाजीने कप खाली ठेवला. “मला का नाय सांगितलंस, सगुणा?”

“कोणत्या तोंडाने सांगू? आणि डॉक्टर पण बाप्या माणूस!” तिला रडू फुटलं.

“लाज गेली चुलीत! तू हवीस आम्हाला!”

पदराने डोळे पुसत सगुणाने हळूच मान हलवली.

“उद्या मी शाळेत जाणार नाही,” मंजुळा म्हणाली. “आईला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात जाणार. डॉक्टरांनी विचारलं की आई बोलली तर बोलेल. नाहीतर मी सांगणार, त्याच शब्दात!”