राधाबाईंनी होडी नेली

खराडीच्या त्या सोसायटीत माणसांना स्कूटर ठेवायला जागा मिळत नव्हती, आणि तिथे कचरू साळव्यांची होडी ठेवलेली होती. फायबरची, लहानशी, ट्रेलरवर चढवलेली, निळ्या ताडपत्रीखाली झाकलेली. सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब यांनी शेजारच्या खांबावर पाटी लावली होती : ‘पार्किंग वाहनांसाठी आहे. जलयानांसाठी नदी उपलब्ध आहे.’

राधाबाई येता-जाता पाटी वाचून हसायच्या. कचरूंना ती वाचता येत नसे. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी नोकरी धरणांच्या पाण्यावर गाळ मोजण्यात गेली होती, निवृत्तीनंतर दर रविवारी ते होडी घेऊन धरणाच्या मागच्या पाण्यावर जात. पण गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक धूसर डाग येऊन बसला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसलेलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आणि जीपची किल्ली राधाबाईंकडे आली.

“होडी विकून टाकू,” एका सकाळी कचरू चहाच्या कपाला म्हणाले. “योगेश मागतोय. धरणाच्या पलीकडच्या काठावर त्याचं हॉटेल आहे, त्याला पाहुणे फिरवायला होईल.”

“आपल्याला नकोय का ती?”

“पाण्यापर्यंत नेणार कोण?”

“मी.”

कचरू हसले. नवरा-बायकोत चालतं तेवढंच हसले, पण राधाबाईंना ते लागलं. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी अख्ख्या शाळेची सहल बसमधून नेऊन आणली होती, एकही मूल न हरवता.

“राधा, ट्रेलर म्हणजे जीपला बांधलेली पिशवी नव्हे. मागे घेताना तो उलटाच जातो.”

“मुख्याध्यापिकेला उलटं जाणाऱ्यांची सवय असते.”

शेवटी कचरूंनीच तोड काढली. रविवारी योगेश होडी बघायला येणार होता. राधाबाईंनी ती धड नेली आणि पाण्यात घातली, तर विकायची नाही. रस्त्यात काही झालं, तर तिथेच योगेशला फोन करायचा आणि होडी त्याची.

“कबूल,” राधाबाई म्हणाल्या. होडीचं त्यांना तेवढं नव्हतं. पण विकायचा विचार सुरू झाल्यापासून हा माणूस गॅलरीतल्या खुर्चीत जास्त जास्त वेळ बसू लागला होता. भेटायला कोणी आलं तरी उठत नव्हता. होडी गेली की ती खुर्चीच काय ती उरेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्या कामाला लागल्या. विहारामागच्या मैदानावर रिकामा ट्रेलर नेऊन त्या मागे घ्यायला शिकल्या. पहिल्या दिवशी ट्रेलर जीपला येऊन भिडला. दुसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सापडली : हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्याच बाजूला हात न्यायचा, आणि घाई करायची नाही. मग काही दिवसांत त्या दोन विटांच्या मधून ट्रेलर नेऊ लागल्या. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्यांनी त्यांच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

रविवारी सकाळी ट्रेलरचा दांडा उचलून त्यांनी जीपच्या मागे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्यावर बसवला. चटकन उचलला गेला, एका हाताने. राधाबाईंनी त्याचं श्रेय आपल्या योगवर्गाला दिलं. खटका लावला, दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींवरून नेऊन अडकवल्या, दिवे लागतात का पाहिले.

फाटकावर रावसाहेब पेपर घ्यायला उभे होते.

“काय मॅडम, पूर येणार आहे का?”

“आला की तुम्हाला पहिल्या फेरीत नेऊ.”

“आणि परत?”

“ते सोसायटीच्या सभेत ठरवू.”

हडपसर, कोंढवा, कात्रज झालं. राधाबाई डावी बाजू धरून, पुढच्या गाडीपासून चांगलं अंतर ठेवून चालल्या होत्या. मागून हॉर्न वाजत होते. पुण्यात ते कोणासाठीही वाजतात म्हणून त्या मनावर घेत नव्हत्या. शेजारी कचरू गप्प बसले होते. तोंड उघडायचं नाही, ही राधाबाईंची अट होती.

नवले पुलाच्या अलीकडच्या उतारावर ट्रेलर हलला.

आधी वाटलं, वारा असेल. मग जीपचं मागचं अंग कोणीतरी धरून डावीकडे ढकललं, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक खेपेला जरा जास्त. आरशात होडीचं नाक एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या बाजूला.

“ब्रेक!” कचरू ओरडले.

राधाबाईंनी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग झोकांड्यांच्या मागे धावू द्यायचं नाही, एवढं त्यांच्या हातांना कळलं. ते त्यांनी सरळ, घट्ट धरलं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला. वेग उतरला. होडी आणखी दोनदा झुलली, मग नुसती थरथरली, मग निमूट मागे येऊ लागली. पुढे रस्त्याच्या कडेला रुंद जागा लागली तिथे त्यांनी गाडी उभी केली.

त्या उतरून मागे गेल्या. टायर ठीक होते, साखळ्या ठीक होत्या. ताडपत्री उचलून पाहिली तर इंजिन, नांगर, पेट्रोलचा डबा, सगळं होडीच्या अगदी शेपटाला रचलेलं.

“हे कोणी ठेवलं?”

कचरू दारापाशी उभे होते. “काल संध्याकाळी. वॉचमनला हाताशी धरून.”

“अहो, पण तुम्हीच नेहमी पुढे ठेवायचात ना? चाकांच्या पुढे?”

“तुझी कंबर.” ते खाली बघत म्हणाले. “दांडा उचलताना जड गेला असता. मागे वजन टाकलं की पुढे हलकं लागतं. मला ठाऊक होतं मागे वजन नको, ट्रेलर झुलतो. पण म्हटलं, थोडंसं चालेल.”

इतकी वर्षं पाण्यावर काढलेला हा माणूस, बायकोच्या कमरेपायी पहिलीतली चूक करून बसला होता. आणि आपणही काही कमी नाही, राधाबाईंच्या मनात आलं. एका हाताने दांडा उचलला गेला तेव्हाच विचारायला हवं होतं. तर आपण स्वतःवर खूश.

“झालं,” कचरू म्हणाले. “रस्त्यात काही झालं. योगेशला फोन कर.”

“काय झालं? होता होता राहिलं. धरा नांगर.”

“राधा, बोली ती बोली.”

“बोली मी नेण्याची होती. मी नेतेय. धरा म्हणते ना.”

दोघांनी मिळून सामान पुढे सरकवलं आणि पट्ट्यांनी आवळून बांधलं. आता दांडा वर उचलून पाहायला दोघांचे हात लागले. कंबर दुखली. राधाबाईंनी ते सांगितलं नाही. पुढचा सगळा रस्ता ट्रेलर गरीब गाईसारखा मागे आला.

पाण्यावर पोचल्या तेव्हा वारा सुटला होता. पाण्यात उतरत जाणाऱ्या फरशीवरून त्यांनी ट्रेलर मागे घेतला, पहिल्याच खेपेत, हात खाली, घाई नाही. कचरूंनी इंजिन लावलं, होडीच्या तळाचं बूच चाचपून घट्ट केलं. होडी पाण्यावर तरंगली. राधाबाई जीप वर लावून आल्या आणि बोलीचं काय, असं विचारणार तोच पाण्यावरून हाका ऐकू आल्या.

योगेश पलीकडून आपल्याच होडीने यायला निघाला होता. मध्यावर त्याचं इंजिन बंद पडलं होतं, आणि वारा त्याला धरणाच्या भिंतीकडे, खडकांवर नेत होता.

“काकू! काका! बंद पडलं हाय!”

कचरूंनी तोंड बाजूला वळवलं आणि डोळ्याच्या कडेने पाहिलं. “पंधरवड्यापूर्वीच सांगितलं होतं त्याला, इंजिन साफ कर म्हणून. चल.”

राधाबाईंनी होडी चालवली. रविवारी नवऱ्याबरोबर येऊन तेवढं त्यांना येत होतं. दोघांनी लाइफ जॅकेटं घातलेली होती. खडक अजून दूर होते, पण वाटतात तितके दूर नव्हते. योगेशच्या जवळ पोचल्यावर कचरूंनी दोर फेकला. तो नेमका त्याच्या पायांशी पडला.

“कुठे बांधतोयस?”

“छताच्या दांडीला, काका.”

“दांडी उपटेल आणि माझ्या डोक्यात बसेल. होडीच्या नाकाला कडी आहे, खाली, पाण्यालगत. तिला बांध. मग मागे जाऊन बस. दोराच्या समोर उभा राहू नकोस.”

इकडचं टोक कचरूंनी स्वतः बांधलं, होडीच्या मागच्या दोन्ही खुंट्यांना, मध्ये इंजिन मोकळं सोडून. त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटं गाठीत शिरली, फिरली, बाहेर आली. राधाबाईंनी हे हात गेल्या वर्षभरात गॅलरीच्या खुर्चीवर नुसते पडलेले पाहिले होते.

“आता हळू,” तळहात होडीच्या काठावर टेकवून कचरू म्हणाले. “हळू. दोर पाण्यात आहे अजून. थांब. आता उचलला. हं, दे थोडं. धक्का नको.”

दोर पाण्यातून ठिबकत वर आला, ताणला, आणि योगेशची होडी वळली. खडकांकडचं तिचं तोंड काठाकडे झालं. राधाबाई पुढे बघून चालवत होत्या. मागचं सगळं त्यांना कचरूंच्या आवाजातून कळत होतं. किनारा जवळ आल्यावर ते म्हणाले, “थांबव. दोर आखूड करू. ओढलेल्या होडीला ब्रेक नसतो, ही आपल्या पाठीवर येऊन चढेल.” त्यांनी दोर ओढून घेतला, पुन्हा बांधला. मग अलगद, चालण्याच्या गतीने, दोन्ही होड्या काठाला लागल्या.

योगेश उतरला आणि वाळूत बसला. धाप ओसरल्यावर त्याने निळी ताडपत्री, होडी, इंजिन सगळं नजरेखालून घातलं.

“काका, लय भारी होडी हाय. मग व्यवहाराचं काय?”

राधाबाईंनी कचरूंकडे पाहिलं. बोली कचरूंची होती, आणि ते बोलीला पक्के होते.

“रस्त्यात ट्रेलर झुलला,” कचरू म्हणाले. “वजन मी मागे लावलं होतं. माझी चूक. गाडी हिने सावरली. बोलीत असं होतं की, रस्त्यात काही झालं तर होडी तुझी.”

“मग?”

कचरू जरा वेळ दोराची ओली वेटोळी हातावर गोळा करत राहिले.

“मग काही नाही. बोली मोडली, मी मोडली. विकायची नाही.” त्यांनी दोर खांद्यावर टाकला. “तुझ्या पाहुण्यांना फिरवायचं तर आधी दोर कुठे बांधतात ते शीक. आणि ते इंजिन काढ. मला बघू दे काय झालंय.”

“तुम्हाला दिसतंय का, काका?”

“कार्बोरेटर बघायला डोळे कशाला लागतात? पाना दे.”

ते योगेशच्या होडीत चढून इंजिनावर वाकले, हात काळे करून बोलू लागले आणि थांबेचनात. नळी इथे तुंबते, पेट्रोल गाळून घालावं, स्क्रू हरवू नकोस. राधाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. दोन्ही वेळा “आलोच” असं उत्तर आलं. मग त्यांनी डबा उघडला, भाकरी काढली आणि एकटीनेच जेवायला सुरुवात केली.